कोबेला, या वेळी पाण्यातून

नाना, तिकिटं रद्द केलेली नाहीत. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत ऐकाल.

तुमचं एकट्याचं तिकीट गेलं. विमान कंपनीनं दाखला मागितला, मी श्टांडेसआम्टमधून, म्हणजे इथल्या जर्मन नोंदणी कार्यालयातून, तो आणला, पाठवला, काम झालं. उरलेली तीन तशीच आहेत. समीरचं, इराचं, माझं. इराच्या शाळेला शरदाची सुट्टी लागली की ओसाका, आणि ओसाकाहून एका दिवसासाठी कोबे. तुमच्याबरोबर ठरवलं होतं तसंच. आणि तुम्ही गेल्यापासून या घरात एकच वाद चालू होता, तो म्हणजे आता तिथं जायचं की नाही.

तुम्ही कुठं जन्मलात, कुठल्या कंपनीच्या जहाजांवर चीफ इंजिनिअर होतात, किती वर्षं समुद्रावर काढलीत, ते सगळं समीरनं व्यवस्थित लिहून नातेवाइकांना पाठवलं आहे. मी ते पुन्हा लिहीत नाही. मला फक्त आपला राहिलेला वाद मिटवायचा आहे. तुम्ही उत्तर द्यायला नाही याचा गैरफायदा घेणार नाही. तुमचीही बाजू मीच मांडते, ती मला तोंडपाठ आहे.

सून म्हणून मी घरात आले त्याच आठवड्यात तुम्ही माझं नाव ब्रिज ठेवलंत. तुम्हाला मंडईत पाठवताना मी यादी दिली होती. त्यात भाज्यांची नावं दुकानांच्या क्रमानं होती, म्हणजे उलटं फिरावं लागू नये. तुम्ही यादी वाचलीत, चष्मा काढलात आणि सासूबाईंना हाक मारून म्हणालात, "अगं, आपल्या घरी ब्रिज आला! आजवर नुसती इंजिन रूमच होती." मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा चालली आहे. मग तुम्हीच समजावून सांगितलंत की ब्रिज म्हणजे जहाजाचा वरचा मजला, जिथून कप्तान हुकूम सोडतो. खाली इंजिन रूममध्ये बसलेल्याला समुद्र दिसत नाही. वरून हुकूम येतो, स्टँडबाय म्हणजे तयार राहा, मग पुढे, मागे, सावकाश, थांबा, आणि खालच्यानं तो पाळायचा. "त्यामुळे सूनबाई, तुम्ही सांगत जा, आम्ही पाळत जाऊ."

पाळलंत मात्र कधीच नाही.

सासूबाई गेल्यावर दर उन्हाळ्यात तुम्ही तीन महिने आमच्याकडे जर्मनीत, इंगोलश्टाटला यायला लागलात. आल्याच्या दुसऱ्या दिवशी डोनाऊ नदी बघून यायचं, आणि घरी येऊन नाराज व्हायचं. "एवढी मोठी नदी, पण भरती नाही, ओहोटी नाही. दिवसभर एकाच दिशेला चाललीये. सरकारी नोकर!" इरा तुमचं ऐकून खिदळायची आणि जर्मनमधून काहीतरी उत्तर द्यायची. तुम्हाला जर्मन येत नव्हतं, तिला मराठी समजायचं पण तोंडातून निघायचं नाही. तरी तुम्हा दोघांचं तासन्‌तास चालायचं. मी मध्ये दुभाषी म्हणून गेले तर दोघंही माझ्याकडे असं बघायचात, जसं काही मी कुणाचं पत्र फोडून वाचतेय.

आणि कुठूनही परत आलो, अगदी कोपऱ्यावरच्या बेकरीतून ब्रेड घेऊन आलो, तरी तुम्ही सोफ्यावर बसून स्वयंपाकघराकडे ओरडायचात, "ब्रिज, फिनिश्ड विथ इंजिन?"

जहाज बंदरात नीट लागलं, दोर बांधून झाले, की ब्रिजवरून खाली येणारा हा शेवटचा हुकूम. इंजिनाचं काम संपलं, आता बंद करा. तो हुकूम आल्याशिवाय खालच्यानं जागा सोडायची नाही, कितीही दमलेला असो. मी आतून म्हणायची, "हो नाना, फिनिश्ड विथ इंजिन, चहा ठेवते." मग तुम्ही पाय लांब करायचात. माझ्याकडून तुम्ही ऐकलेला हा एकमेव हुकूम.

दोन वर्षांपूर्वी समीरला कंपनीनं काही महिन्यांसाठी ओसाकाला पाठवलं, आणि ईस्टरच्या सुट्टीत आपण त्याच्याकडे जायचं ठरवलं. मी तुम्हाला फोनवर विचारलं, "नाना, जपानमध्ये काय बघायचंय?" तुम्ही एका शब्दात सांगितलंत, "कोबे."

"पण तुम्ही तर कोबेला बऱ्याचदा गेलाय."

"गेलोय. बघितलेलं नाही."

मग तुम्ही सांगितलंत की बंदर लागलं की डेकवाले इस्त्रीचे कपडे घालून शहरात जातात, आणि इंजिन रूमच्या लोकांना तेव्हाच खरं काम सुरू होतं, कारण चालत्या जहाजात जे उघडता येत नाही ते बंदरातच उघडायचं असतं. "बंदर म्हणजे त्यांची दिवाळी आणि आमचं बाळंतपण," असं म्हणालात. कोबे तुम्हाला माहीत होतं ते पाण्याच्या पातळीखालून. गोदीतल्या हातोड्यांचा आवाज, जेटीची भिंत, आणि एकदा कुणीतरी आणून दिलेली संत्री.

मी लगेच एका दिवसाचा कार्यक्रम आखला. माल वेळेवर पोचवणं हे माझं ऑफिसातलं कामच आहे, माणसं पोचवणं त्यापेक्षा सोपं. समीरला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, म्हणून आपण तिघंच निघालो. तुम्ही, मी आणि अकरा वर्षांची इरा. ओसाकाहून गाडी अर्ध्या तासाच्या आत कोबेला पोचते, तीही ज्या मिनिटाला सांगितलं त्या मिनिटाला. मी फलाटावर उभी राहून अक्षरशः सुखावले होते. माझा बेत असा होता की आधी टेकडीवरची परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरं बघायची, त्यातलं एक जर्मन माणसाचं, मग जैन मंदिर, जेवण, आणि दुपारनंतर बंदर.

सान्नोमिया स्टेशनाबाहेर तुम्ही बेत ऐकून घेतलात आणि विचारलंत, "तुम्ही जर्मनीहून निघून, एवढी विमानं बदलून, जर्मन माणसाचं घर बघायचं?"

"नाना, ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे."

"मग आणखी दोन तासांनी पडणार नाही. टेकडी त्या बाजूला, समुद्र या बाजूला. मी या बाजूला." आणि तुम्ही उतारानं चालायला लागलात. इरा तुमच्या मागे. मीही आले. तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते, टेकडी सकाळीच चढायची असते, ऊन वाढायच्या आत. त्या मुद्द्यावर माझंच बरोबर होतं.

वाटेत आपण रस्त्याकडेच्या नाणी टाकायच्या यंत्रांतून चहाच्या बाटल्या घेत होतो, आणि रिकाम्या झाल्या की मी आणि इरा त्या पाठपिशवीत ठेवत होतो. जर्मनीत रिकामी बाटली दुकानात परत करायची असते, ती टाकणं म्हणजे आमच्या घरात जवळपास पापच. कचऱ्याचा डबा रस्त्यावर कुठे दिसला नाही, त्यामुळे आमची खात्रीच झाली की इथेही परतच करायच्या असणार. दुपारपर्यंत चालताना आमचा आवाज भांड्यांच्या दुकानासारखा येत होता. संध्याकाळी स्टेशनवर तुम्ही यंत्राला टेकून उभे राहिलात आणि शेजारच्या पेटीच्या गोल भोकावर बोट ठेवलंत. रिकाम्या बाटल्या टाकायची ती पेटी दिवसभर प्रत्येक यंत्राशेजारी होती.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सकाळपासून."

"मग सांगायचं ना!"

"मला वाटलं, ब्रिजनं गिट्टी भरून घेतलीये. रिकामं जहाज डुलतं म्हणून." इरा फलाटावर बसकण मारून हसली होती. तो फोटो फ्रिजवर आहे, अजून.

पण मला सांगायचंय ते बंदरावरचं. लाल मनोऱ्यापाशी, पाण्याच्या कडेला, धक्क्याचा एक तुकडा आहे, पंच्याण्णवच्या भूकंपात मोडला तसाच ठेवलेला. फरशा उखडून पाण्यात गेलेल्या, दिव्याचे खांब कलंडलेले. भोवती कठडा, आणि पलीकडे सगळं नवंकोरं बंदर. तुम्ही कठड्याशी उभे राहिलात. पलीकडच्या किनाऱ्यावर जहाजं दुरुस्त करायची गोदी दिसत होती, आणि तुम्ही हात वर करून म्हणालात, "तिथं. त्या क्रेनच्या डावीकडं. तिथं आम्ही महिनाभर होतो. मला वाटायचं, या भिंतीपलीकडं शहर असणार. हे सगळं एवढं जवळ होतं."

मी विचारलं, "हा तुकडा का नाही दुरुस्त केला यांनी?"

"बाकी सगळा केला की."

"निदान दिवे तरी सरळ करायचे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रागानं नाही, कीव केल्यासारखं. "सूनबाई, सगळीच कामं दुरुस्तीची नसतात." मला ते पटलं नाही. आपण त्यावर बाकावर बसून, दशम्या आणि लसणाची चटणी खाताखाता, चांगलं अर्धं जेवण भांडलो. अजूनही मला वाटतं, दिवे सरळ करायला हवे होते.

मग एक मोठं जहाज धक्क्याला लागायला आलं. तुम्ही इराला कठड्याशी बोलावलंत. "हात ठेव इथं. तळवा. दाबू नको, नुसता ठेव. येतंय का?"

इरानं डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. मग तिचे डोळे उघडले. "या, आजोबा! या!" जर्मनमधलं 'या', म्हणजे हो.

"ते इंजिन. आता तो खालचा माणूस वाट बघतोय." तुम्ही दोघंही तसेच उभे राहिलात, जहाज टेकेपर्यंत, दोर पडेपर्यंत, आणि तळव्याखालची थरथर थांबेपर्यंत. मला नक्की माहीत नाही त्या कठड्यातून खरंच काही येत होतं की नाही. मी हात ठेवला नव्हता. मी डबा बांधत होते.

संध्याकाळी ओसाकाला समीरच्या खोलीवर आलो. तुम्ही खुर्चीत बसलात, मी नेहमीप्रमाणे तुमच्या हाकेची वाट बघितली. हाक आली नाही. शेवटी मीच म्हटलं, "नाना, फिनिश्ड विथ इंजिन. चहा ठेवू?"

"चहा ठेवा. पण हुकूम मागे घ्या."

"का?"

"बंदरात पोचलोच नाही तर इंजिन बंद कसं करायचं?"

समीर म्हणाला, "बाबा, दिवसभर तिथंच होतात ना?"

"आगगाडीनं गेलो होतो. बंदरात आगगाडीनं जाणं म्हणजे लग्नाच्या घरी मोरीच्या दारानं शिरणं. बंदर समुद्रावरून बघायचं असतं. लांबून आधी डोंगर दिसतो, मग क्रेन, मग माणसं. मी एवढ्या वेळा आलो, पण येताना नेहमी खाली होतो. ते मी बघितलंच नाही. आजचं धरायचं नाही."

इरा उसळली. "आबर आजोबा, वीर वारन डोख दा!" आपण तिथं होतो की! तिच्यासाठी तो दिवस धरलेलाच होता. मीही तिच्याच बाजूनं होते. गेलो, बघितलं, परत आलो, काम पुरं. तिनं तर त्या बंदरातून निघणाऱ्या फेरीच्या बोटीचंही सुचवलं, की तीत बसलो असतो तर चाललं असतं का. तुम्ही म्हणालात, "जिथून निघायचं तिथंच उतरायचं? त्याला प्रदक्षिणा म्हणतात, येणं नाही."

मला अर्धवट काम आवडत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर तुम्ही मुद्दाम तो हुकूम लटकत ठेवलात, असा मला दाट संशय आहे. इंगोलश्टाटला आल्यावर मी शोध घेतला. ओसाकाचा विमानतळ समुद्रात भर घालून बांधलेला आहे आणि तिथून खाडी ओलांडून कोबेला थेट बोट जाते. तुम्हाला फोन करून सांगितलं तर आधी हसलात. "एवढ्याशा वेळाची बोट? ती रिक्षा झाली!" मग विचारलंत, "पण पाण्यातून जाते ना? उघड्या डेकवर उभं राहू देतात?"

"ते विचारून सांगते."

"विचारा. मग बघू."

विचारलं, नाना. त्या लहानशा बोटीवर उघडा डेक मिळेल याची हमी ते देत नाहीत. खिडक्या मात्र मोठ्या आहेत. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा तिकिटं काढून झाली होती, तुम्ही रोज बाल्कनीत बसून इराला डोंगर-क्रेन-माणसं हा क्रम पाठ करून घेत होतात, आणि मी म्हटलं, खिडकीचं तिथं गेल्यावर सांगू, आत्ता कशाला मूड घालवा.

आणि मग ती दुपार. मी चहा घेऊन बाल्कनीत आले आणि तुम्ही नव्हतात, म्हणजे होतात, पण नव्हतात. त्यानंतर मी जे करायचं ते सगळं केलं. डॉक्टर, फोन, कागद, माणसं. समीर आणि आत्यांनी गावच्या खाडीत अस्थींचं सगळं यथासांग केलं. कुणी काही विसरलं नाही. फक्त रात्री सगळे झोपल्यावर माझ्या लक्षात आलं की तुम्हाला कुणी हुकूम दिलेला नाही.

आता वाद. आत्यांचा फोन आला. कोकणातून, मोठ्या आवाजात, जर्मनी लांब आहे म्हणून. "मेधा, मी ऐकते ते खरं का? वर्ष व्हायच्या आत परदेशी सहल? माझ्या भावाला जाऊन दोन महिने नाहीत झाले!"

"आत्या, आम्ही परदेशातच राहतो. दूध आणायला गेलं तरी परदेश."

"विनोद करू नकोस. वर्षभर मजा नाही, सण नाही, यात्रा नाही. आपल्यात तसंच आहे. लोक काय म्हणतील?"

आत्यांना मी उडवून लावणार नव्हते. तुमच्या धाकट्या बहीण त्या, तुम्ही समुद्रावर असताना तुमच्या आईवडिलांचं सगळं त्यांनी केलं. वर्ष पाळणं हा त्यांचा तुमच्यासाठीचा शेवटचा मान आहे. तो मोडून जायचं असेल तर त्यांना सांगून, त्यांना पटवून. पण समीरही त्यांच्याच बाजूनं होता. एका रविवारी तो स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "रद्द कर, मेधा. मी त्या पहिल्या वेळीही नव्हतो. तुम्ही तिघं गेलात, मी ऑफिसात होतो. आता बाबांशिवाय तिथं जाऊन मी काय बघू? मोडका धक्का?"

तुमचा मुलगा, नाना. सगळं लहानपण बाबा कधी येणार विचारण्यात गेलं त्याचं, आणि ज्या एका दिवशी बाबा सबंध दिवस रिकामे होते त्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याला मी काय यादी करून देणार होते? मी म्हटलं, "दोन दिवस थांब. मग करते रद्द." हे मी म्हटलं खरं, पण करणार नव्हते. ते त्यालाही माहीत असावं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर इरानं माझा फोन मागितला. मला वाटलं तिचा बंद पडला. ती जिन्यात जाऊन बसली आणि तिनं आत्यांना फोन लावला. मी दाराआड उभी राहिले, लपून नाही, हातात कपड्यांची बादली होती. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिला सलग मराठी बोलताना ऐकलं.

"आत्याआजी, मी इरा. आम्ही सहल नाही करत. आजोबांचं एक काम राहिलंय. ते बोटीनं जायचं होतं. ते मोजत नव्हते ना, ट्रेनचं. म्हणून." मग शब्द सापडेना. "ते अजून... ते अजून खाली आहेत, आत्याआजी. त्यांना वर आणायचं."

पलीकडून आत्यांचा आवाज इतका हळू आला, की मला ऐकू येईना. इरानं नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, जा, पण बोटीत बसलात की समुद्राला नारळ द्या. आपल्याकडं समुद्रावर निघताना देतात. तुझा आजोबा प्रत्येक वेळी द्यायचा.

मी चौकशी केली. नारळ विमानातून नेण्याची भानगड आहे, आणि खाडीत काही टाकलं तर आपल्याला बोटीसकट परत पाठवतील. शिवाय मला तुमचा आवाज आला, "पाण्यात काही टाकायचं नाही हो, पंपात अडकतं!" आत्यांना परत फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी सुस्कारा टाकला. "तुम्हा लोकांचं सगळंच नियमात. बरं, नमस्कार तरी करायची परवानगी आहे का पाण्याला?"

"आहे, आत्या. विचारलं नाही, पण आहे."

"मग माझ्याही वतीनं एक कर."

काल मी कामावरून आले तर समीरनं तळघरातल्या बॅगा वर आणून ठेवल्या होत्या, पुसून, उघड्या, वाऱ्याला.

तर असं ठरलं आहे. आदल्या रात्री ओसाकात राहायचं, सकाळी विमानतळावर परत जायचं आणि तिथून बोट. डब्यात दशम्या. रिकाम्या बाटल्या पेटीत टाकायच्या, गिट्टी भरायची नाही. टेकडीवरचं जर्मन घर या वेळीही राहणार, समीरला मोडका धक्का दाखवायचा आहे, तो वेळ घेईल. घेऊ दे. दिव्यांच्या खांबांबद्दल मी त्याच्याशी वाद घालणार नाही, आपला वाद आपल्यातच राहील. मी अजून माघार घेतलेली नाही, तुम्हीही घेऊ नका.

तुमचे आभार मानायचे राहिलेत, ते मला नीट जमत नाही. एवढंच म्हणते, की इतकी वर्षं या घरात मी एकटीच हुकूम सोडत आले आणि एकही दिवस मला एकटं वाटलं नाही, कारण खालून कुणीतरी ऐकतंय हे माहीत होतं. पाळत नसलं तरी.

बोटीत इरा खिडकीपाशी बसेल. ती सांगेल आधी डोंगर, मग क्रेन, मग माणसं. या वेळी मी हात मोकळे ठेवणार आहे. काचेच्या कडेवर तळवा ठेवीन, दाबणार नाही, नुसता ठेवीन. बोट टेकेल, दोर पडतील, आपण सगळे उतरू, आणि धक्क्यावर पाय ठेवल्यावर मी तो हुकूम देईन, मोठ्यानं, लोकांनी बघितलं तरी चालेल.

तोवर जागा सोडू नका, नाना. स्टँडबाय.